खुंटीखालची रुई

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. अमावास्येला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हाकलते. त्यामुळे कमेंटमध्ये लिंबू-मिरची सुचवणाऱ्यांनी कृपया त्रास घेऊ नये... मला फक्त कुणाला तरी सांगायचंय.

आम्ही भिवंडीत टेमघरला राहतो. बिल्डिंगचा दुसरा मजला, वन रूम किचन. मी, मिस्टर, सहा वर्षांची तन्वी, आणि तेव्हा माझे सासरे – बाबा. बाबा मूळचे शेलार गावचे. अख्खं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलं. सात ते सातची ड्युटी. संध्याकाळी सव्वासातला दारात यायचे ते भुवयांपर्यंत पांढरे. कापसाचं ते बारीक तूस, इथे सगळे त्याला रुईच म्हणतात. तन्वी धावत जाऊन पायाला मिठी मारायची, त्या नादात बाबा आत येऊनच शर्ट झटकायचे आणि दारामागच्या खुंटीला अडकवायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बाबा, बाहेर झटकून या!"

"चुकलं गं बाय," म्हणत बिचारे परत बाहेर जायचे.

मग तन्वीला दम लागायला लागला. छातीत घरघर, ओठ निळसर, हातात वाफेच्या मशीनचा मास्क. डॉक्टर म्हणाले डस्ट ॲलर्जी आहे, घरात धूळ कुठून येते ते शोधा. आता भिवंडीत हे शोधावं लागतं का हो? इथे कुणी नुसतं खोकलं तरी लोक लूमकडे बोट दाखवतात. मी बाबांकडे दाखवलं.

शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी बाबा आमची गादी-उश्या गच्चीवर नेऊन कडक उन्हात टाकायचे, काठीने बडवायचे. ते मी बंद केलं. म्हटलं, तुमच्या हाताची रुई लागते गादीला. तरी दम थांबेना. शेवटी एक दिवस मी सरळ म्हणाले, "बाबा, पोरीच्या श्वासाचा प्रश्न आहे. थोडे दिवस गावच्या घरी राहता का?"

त्या घरात कुणी राहत नव्हतं. बाबांनी एवढंच विचारलं, "पोरीला बरं वाटंल ना?" मी हो म्हणाले. "मग मी हितं कशाला? मला काय होत न्हाय." एक पिशवी घेतली आणि गेले. तन्वी दाराला धरून रडत होती, तेव्हा मी तिच्यावरच खेकसले.

तन्वीला बरं वाटलं नाही. उलट वाढलंच. मी म्हणायचे, जुनी रुई भिंतीत बसलीय, जाईल हळूहळू. चार महिन्यांनी शेलारहून फोन आला. बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सव्वासातला, खुंटीखाली रुई पडलेली दिसली. मूठभर, पांढरी, आणि तिला लूमच्या ऑइलचा वास. मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आमच्या गल्लीतले लूम कधीच भंगारात गेलेत, तिथे आता गोदाम आहे. खिडक्यांना जाळी लावली, दाराखालची फट टेपने बंद केली. खुंटीसमोर खुर्ची टाकून बसले. सात वाजून गेले, काही नाही. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करून वळले... खाली रुई! घरात मी आणि झोपलेली तन्वी, बाकी कुणी नाही.

आठवडाभर हेच चाललं. एक दिवस पोरीला ॲटॅक आलेला, मी मशीन धरून बसलेले, आणि समोर ती रुई. डोकंच फिरलं. तोंडातून सवयीने निघून गेलं – "बाबा, बाहेर झटकून या!"

दुसऱ्या दिवशी घरात कणभर नव्हती. शेजारच्या मुस्लिम मावशींनी, आमच्या खालाने, बेल वाजवली. "भाभी, तुमच्या दारात ये रुई किसने डाली?" पायपुसण्याशेजारी मूठभर, तोच वास. मला वाटलं, चला, घर स्वच्छ झालं, आता तरी पोर सुटेल.

सुटली नाही. महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या हातावर थेंब टाकून टोचून टेस्ट केली. कापसाच्या धुळीची हिला ॲलर्जीच नाही, म्हणाले. ॲलर्जी आहे ती गादीत-उशीत राहणाऱ्या किड्यांची, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. मला विचारलं, "गादी उन्हात टाकता का नियमित?"

ते तर मीच बंद केलं होतं. रिक्षात तन्वीला मांडीवर घेऊन भोकाड पसरलं. तिच्या छातीवरची धूळ काढणारा एकच माणूस घरात होता आणि त्यालाच मी घराबाहेर काढलं!

गादी बदलली, कव्हरं घातली. डॉक्टर म्हणतात, आता उशीर झालाय, दमा राहील, पंप वापरत राहा. तन्वी अजून विचारते, मला बरं वाटलं की आजोबा येणार होते ना?

हे कसं होतं, मला माहीत नाही. खालाने पाहिलंय, मिस्टरांनी पाहिलंय. मी आता रोज सव्वासातला दार सताड उघडं ठेवते. खुंटी रिकामी ठेवलीय. मोठ्याने म्हणते, "बाबा, आत या. इथेच झटका. चुकलं माझं."

रुई बाहेरच पडते. माझा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.