अंबूबाई उठली नाही

नांदुऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात अंबूबाईचा सारा जन्म गेला. बोअरचं खारट पाणी पिऊन पिऊन नवऱ्याच्या किडन्या गेल्या, असं ती सांगायची. गावात खारं पाणी गोडं करणारं सौरयंत्र आलं, तेव्हा तो नव्हता. यंत्र चालवायला तीच शिकली.

एका दुपारी जमीनदार हिंमतराव यंत्राचे पॅनल शेततळ्यावरच्या पंपासाठी काढायला माणसं घेऊन आले. अंबूबाई त्यांच्या शिडीवरच बसली.

"ऊठ बाई, पऱ्हाटी सुकून राह्यली," हिंमतराव कपाशीच्या शेताकडे हात करत म्हणाले.

"मालक, माणसं सुकली तवा काऊन नाही आले?"

बाया हंडे घेऊन तिच्याभोवती बसल्या. दिवस मावळता हिंमतराव परतले.

सकाळी त्यांच्या घरचा हंडा आला. अंबूबाईने तो भरला, पण नंबर लागल्यावरच.