माझी तक्रार करा

जालन्यात मस्तगडला माझं सोनोग्राफी सेंटर आहे. गर्भवतीच्या पोटावर यंत्र फिरवताना मी शब्द काढत नाही, हसत नाही, कपाळाला आठीही पाडत नाही. खरं तर मी जन्माची बडबडी. पण लोक डॉक्टरचा चेहरा वाचतात. हसली म्हणजे मुलगा, गप्प झाली म्हणजे मुलगी. कायद्याने जे सांगायचं नाही ते चेहऱ्यानेही सांगू नये, म्हणून मी चेहऱ्याला दार लावून घेतलं.

कुंभार पिंपळगावकडचं एक जोडपं आलं होतं. तिला पाचवा महिना. वाकायला नको म्हणून तिच्या पायातल्या चपला नवऱ्यानेच काढल्या.

बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना तिरप्या ओलांडून जातात. या बाळाच्या शेजारी-शेजारी सरळ चालल्या होत्या. तिला कुशीवर वळवून पाहिलं, थोडं फिरून यायला सांगून पुन्हा पाहिलं. तेच.

रिपोर्टात दिसलं तेवढं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. रक्तवाहिन्यांची अदलाबदल वाटते, संभाजीनगरला हृदयाची खास तपासणी करावी, बाळंतपण बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं तिथेच व्हावं, असं मी लिहिलं. मग दोघांना समोर बसवून साध्या मराठीत समजावलं. वेळेवर ऑपरेशन झालं तर बाळ चांगलं जगतं. गावात जन्मलं तर हातचं जाईल, हेही सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"समजलं, मॅडम. पोरगी हाय म्हणूनच शहरात धाडून राह्यल्या ना? पोरगी तर पोरगी. आम्हाला पाडायचं बिलकुल न्हाई."

"अहो, मी मुलगा-मुलगी काही बोललेलेच नाही. मी हृदयाबद्दल बोलतेय."

"तेच तर. सगळे असंच आडून बोलतेत."

बायकोच्या पायात चपला सरकवून तो तिला घेऊन गेला.

मला भयंकर राग आला, आणि तो त्याच्यावर काढावा तर माणूस चांगला. पोटातल्या मुलीला वाचवायला निघाला होता बिचारा. या भागात पूर्वी कोणत्या डॉक्टरांनी काय धंदे केले ते त्यालाही ठाऊक, मलाही. त्यांच्या पापाचं माप माझ्या पदरात आणि शिक्षा त्या बाळाला.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तो ताडकन म्हणाला, "पुन्हा फोन केला तर तुमची तक्रार करीन."

तक्रार म्हणजे चौकशी, यंत्राला सील, गावभर चर्चा. आमच्या धंद्यात या शब्दाने भल्याभल्यांना घाम फुटतो. मलाही फुटला. तरी म्हणाले, "करा, दादा. आजच माझी तक्रार करा. जिल्हा रुग्णालयात जा, ताईंना बरोबर न्या, आणि मॅडमने काय लिहिलंय ते तिथल्या डॉक्टरांना वाचायला लावा."

पठ्ठ्याने खरंच केली. अधिकारी आले, कागद तपासायला घेऊन गेले, चौकशी होईपर्यंत यंत्राला सील लागलं. ओळखीचे डॉक्टर माझा फोन उचलेनासे झाले. मी रोज सेंटर उघडायची, रिकाम्या बाकांकडे बघत बसायची आणि बंद करायची. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. चौकशीत कोणी माझी सही सोडून त्या बाळाचं हृदयही पाहिलं का, एवढंच मला हवं होतं, आणि तेच विचारायची सोय नव्हती.

चौकशीत काही निघालं नाही. सील निघालं, पेशंट हळूहळू परतले. त्या दोघांचा पत्ता नव्हता.

मग एका दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, पुण्याहून बोलून राह्यलो. तुमची तक्रार घेऊन जिल्हा रुग्णालयात गेल्तो, तर तिथल्या डॉक्टरनं रिपोर्ट वाचून आधी आम्हालाच झापलं. मंग जल्दी पुढं धाडलं. बाळंतपण इथंच झालं, ऑपरेशन बी झालं. आज दूध प्यालं लेकरू. पोरगीच हाय, मॅडम."

आजवर प्रत्येकाने मला तेच विचारलं होतं. झाल्यावर कळवणारा हा पहिलाच. मी म्हणाले, "मग बर्फी कधी?"

संध्याकाळी घरी गेले तेव्हा वाटलं, मुलगी झाली म्हणून कुणाला तरी सांगावं. सांगायला घरात कोणी नव्हतं.