कल्हईचा डबा

पितळी पातेल्यात ताक राहिलं की कळकतं. ती हिरवट, तोंड वाकडं करणारी चव एकदा जिला कळली, ती बाई पुन्हा आंबटाला पितळ लावत नाही. माझी आई दिंडोरीकडच्या खेड्यातली, या बाबतीत तिचा हात कोणी धरणार नाही. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा बंद झाला, तशी तिने सगळी पितळी भांडी माळ्यावर टाकली.

लेकीच्या वाढदिवसाला शिऱ्यासाठी मी अननसाच्या चकत्यांचा मोठा डबा आणला होता. रिकामा झाल्यावर आईने आत डोकावून पाहिलं. आतून लखलखीत.

"याला आतून कल्हई हाय. आंबट ठेवलं तरी कळकायचं नाय."

मलाही पटलं. चिंचेचा कोळ त्या डब्यात गेला आणि डबा फ्रिजमध्ये. कोळ संपला की नवा भरायचा. लेक चिंचगुळाची आमटी वाटीने प्यायची, आणि आई कौतुकाने बघत बसायची.

चार वर्षांची पोर, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. ती हळूहळू शब्द विसरायला लागली. पोट धरून रडायची, पांढरीफटक पडली. रक्तात शिसं निघालं. डॉक्टरबाईंनी रंग, खेळणी, मसाले सगळं विचारलं आणि शेवटी तो डबा मागवला.

"हा उभा जोड झाळलेला दिसतोय, धातू वितळवून सांधलेला. झाळायच्या धातूत शिसं असू शकतं. आंबटात ते उतरतं."

दुकानदार म्हणाला, "ताई, मी अननस विकला, कोळ ठेवायला डबा नाही विकला." खरंच होतं ते, म्हणून जास्त चीड आली. प्रयोगशाळेत म्हणाले, त्याच मालाचा बंद डबा आणा, वापरलेल्या डब्यावरून काही सिद्ध होत नाही. तसा डबा बाजारात कुठे उरला नव्हता. वेष्टनावर साखर, आम्ल, रंग सगळं छापलेलं. डबा कशाने जोडलाय, त्याबद्दल अक्षर नाही. भांडायचं तरी कोणाशी? मी सोडून दिलं.

औषधाने रक्तातलं शिसं उतरलं. "पण जे गेलं ते परत येईल, असं मी सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी वाट बघितली. आलं नाही.

आता नातीचा प्रत्येक घास आई आधी स्वतः चाखते. शिसं जिभेला कळत नाही, हे मी तिला समजावलं. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखलं.

परवा तिने वरणभाताचा घास जिभेला लावला. लेक तिच्या तोंडाकडे बघत होती. भाताला ती आता भात म्हणत नाही, सगळ्यालाच "ते" म्हणते. एवढ्या दिवसांत एकच नवा शब्द तिने उचललाय.

"कळकलं?" तिने विचारलं.

"नाय गं माझी बाय," आई म्हणाली, आणि तिला घास भरवला.