भिंतीला बांधलेला पेरू

चिंचणीच्या आमच्या घराला परसदार म्हणून जे होतं, ते म्हणजे घराची मागची भिंत आणि शेजाऱ्याचं कुंपण यांच्यामधलं चार हात रुंदीचं बोळकांड. समुद्राचा खारा वारा घरावर अडायचा, म्हणून त्या बोळात झाड जगायचं. पण त्याला पसरायला जागा नव्हती. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तिथे झाडं भिंतीला चपटी बांधून वाढवली. डहाणूकडच्या एका पारशाच्या बंगल्यावर ते कित्येक वर्षं माळी होते, तिथे शिकलेली ही विद्या. भिंतीत खिळे, खिळ्यांना आडव्या तीन तारा, मधोमध खोड आणि प्रत्येक तारेवर डावीकडे एक, उजवीकडे एक फांदी. सहा फांद्या, बास. बाकी फुटेल ते खुडून टाकायचं. असं झाड हातभर जागेत राहतं आणि फळ मात्र मोठ्या झाडाला लाजवील असं देतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ही विद्या सगळ्यात आधी मला शिकवायला घेतली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे घरातले सगळे ते विसरले. सासूबाई आधीच गेल्या होत्या, घरात दुसरी बाई नव्हती. माझं माहेर पालघरचं, वडील शाळेत शिपाई, आणि मी सातवी पास, त्यामुळे नाक जरा वरच. पण झाडाला माझ्या सातवीचं काय कौतुक? कोवळी फांदी एका दिवसात आडवी होत नाही. आधी तिरकी बांधायची, मग दर पंधरवड्याला थोडी थोडी खाली आणायची. एवढा धीर माझ्याकडे कुठला! दुसऱ्याच महिन्यात मी लिंबाची फांदी काटकन मोडली. बाबा रागावले नाहीत. राहू दे सूनबाय, एवढंच म्हणाले आणि दोरा माझ्या हातातून काढून घेतला.

दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि दातिवऱ्याची मुलगी माझी जाऊ म्हणून घरात आली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण बापाच्या बोटीची जाळी दुरुस्त करत वाढलेली. गाठ कशी मारायची हे तिच्या बोटांना सांगावं लागत नसे. अंगाची हळद उतरायच्या आत ती बाबांच्या शेजारी उभी राहून फांद्या बांधत होती. तिची काथ्याची गाठ तारेला पक्की असे आणि फांदीभोवती बोट जाईल इतकी सैल. बाबांनी ती चाचपून पाहिली.

"पोरी, तुजा हात हलका हाय," ते म्हणाले.

पोरी! मी दोन वर्षं सूनबाय होते आणि ही आठ दिवसांत पोरी झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर झाडांचं मला काही पडलेलं नव्हतं. मला तो शब्द हवा होता. त्या दिवसापासून ती दोघं बोळात गेली की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची, आणि त्यांच्या ते ध्यानातही यायचं नाही, याचा मला आणखी राग.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दिसेनासं व्हायच्या आधी त्यांनी भिंतीला पेरूची दोन रोपं लावली, एक तिच्या नावाचं, एक माझ्या. तो त्यांचा न्याय होता. मी मात्र ती शर्यत आहे असं धरून चालले. सकाळी उठल्यावर आधी तिच्या झाडाची पालवी मोजायची, मग आपल्या.

काथ्याची गाठ पावसाळ्यात कुजून गळून पडायची. दर दिवाळीला सगळं पुन्हा बांधायचं. धाकटी जाऊ ते निमूट करायची, मला त्याचा कंटाळा. त्या सुमाराला आमच्याकडच्या बोटींवर नायलॉनची जाळी येऊ लागली होती. दीर बोटीवर जायचा, त्याच्याकडून मी त्या दोरीचं एक गुंडाळं मागून घेतलं आणि माझ्या पेरूच्या सहाही फांद्या करकचून बांधल्या. पांढऱ्याशुभ्र गाठी, न कुजणाऱ्या. बाबांना तोवर फक्त सावल्या ओळखू यायच्या, ते बोळात येईनासे झाले होते, त्यामुळे त्यांना काही सांगायची मला गरज वाटली नाही.

धाकटीने गाठी बघितल्या आणि आपला उजवा तळवा माझ्यासमोर धरला. त्यावर आडवा वण होता. ही दोरी कापते बाय, म्हणाली, काथ्या कुजतो तेच बरं हाय. मला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय. मत्सरी माणसाचं हे असंच असतं, त्याला स्वतः सोडून सगळं जग मत्सरी दिसतं. तू तुझ्या झाडाचं बघ, असं मी तिला तोडून टाकलं.

दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडावरची गोष्ट. माझे यजमान तेव्हा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर होते. त्यांचा विसरलेला डबा पोचवायला मी निघाले, तर वाटेतच त्यांच्या बरोबरीचा एक कामगार भेटला, तो डबा घेऊन गेला आणि मी लवकर परतले. बोळात धाकटी माझ्या पेरूपाशी उभी होती. हातात जाळं कापायची सुरी, पायाशी पांढऱ्या दोरीचे तुकडे. पाच फांद्या सोडवून झाल्या होत्या आणि सुरी सहावीला लागणार होती. मी तिचं मनगट धरलं.

"बाय, एकच रायलीय," ती म्हणाली. "तेवडी सोडू दे."

मी कसली सोडू देते! हिला माझं झाड बघवत नाही, हे मी आख्ख्या आळीला ऐकवलं. कुंपणापलीकडे बायका जमल्या तसा मला चेव चढला. धाकटीने सुरी पदराला पुसली आणि ती आत गेली. बाबांनी ओट्यावरून काय झालं म्हणून विचारलं. तुमच्या पोरीने माझं झाड तोडलं, मी म्हटलं.

सोडवलेल्या पाच फांद्या तारेवरून तसूभरही हलल्या नाहीत. त्यांना वळण लागलं होतं, दोरीची गरज उरली नव्हती. हे मला दिसलं, पण त्याचं श्रेय मी माझ्या गाठींना दिलं. आणि सहावीची दोरी तशीच ठेवली, जिंकल्याची खूण म्हणून.

हिवाळ्यात सहाव्या फांदीला पेरू लागले ते बघून मला आकाश ठेंगणं झालं. दोन्ही झाडांवर तेवढे मोठे पेरू कुठेच नव्हते. धाकटीसमोर मुद्दाम टोपली ठेवली. पहिला पेरू बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो तोलला, अर्धा खाल्ला आणि कुठल्या फांदीचा म्हणून विचारलं. दोरी राहिली होती त्या फांदीचा, मी ऐटीत सांगितलं. ते अर्धा पेरू तसाच ठेवून उठले. माझा खांदा धरून, किती महिन्यांनी, बोळात आले आणि ती फांदी खोडापासून चाचपत गेले. एका जागी त्यांचा हात थांबला.

"पोरी, बोट लाव हितं."

मी धाकटीला हाक मारायला वळले.

"ती नाय," बाबा म्हणाले. "तुला बोललो."

मी बोट लावलं. दोरी दिसतच नव्हती, ती सालीत रुतून बसली होती आणि साल दोन्ही बाजूंनी तिच्यावर फुगून आली होती. गळा आवळला की झाड सगळं फळ आताच देऊन टाकतं, बाबा म्हणाले, ही आता शिमग्यापर्यंत हाय. मग त्यांनी बाकीच्या पाचही फांद्या चाचपल्या. प्रत्येकीवर वण होता, भरून आलेला. त्या कोणी सोडवल्या हे त्यांनी विचारलं नाही. मीच तर ते ओरडून सांगितलं होतं. ज्या शब्दासाठी इतकी वर्षं जळले तो मला मिळाला होता, आणि मान वर करून त्यांच्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांकडे बघायचीही मला लाज वाटत होती.

शिमग्याला फांदी वाळली. ती मीच कापली. मी सांगितलं होतं, असं धाकटी एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. तिच्या त्या न बोलण्याचासुद्धा मला हेवा वाटला, आणि आज वय झालं तरी तो पुरता गेलेला नाही.

पाच फांद्यांचा तो पेरू पुढे पुष्कळ वर्षं फळला. पाहुणे विचारायचे, वरच्या तारेवर ही बाजू अशी बोडकी का? मी सांगायची, वाऱ्याने मोडली. धाकटी बहुतेक वेळा तिथेच असायची, पेरू धूत नाहीतर कापत.

"हां," ती म्हणायची, "वारा जोराचा होता त्या साली."