वस्ती कशी आहे, हे विचारायला गेले

स्टुटगार्टच्या वसतिगृहातली माझी मुदत संपत आली होती आणि परवडेल अशी एकच खोली हाती लागली होती. नदीच्या अंगाला, कारखान्यांमागे. सोमवारी बघायला जायचं आणि तिथेच हो की नाही सांगायचं.

जवळच्याच बोब्लिंगेन गावात राहणारे, महाराष्ट्र मंडळातले एक दादा पत्ता ऐकूनच हळहळले.

"तिकडे नको गं. ती वस्ती बरी नाही."

"म्हणजे काय? चोऱ्या होतात?"

"चोऱ्या असं नाही... मिक्स क्राउड आहे."

"दादा, इथल्यांच्या लेखी मिक्स म्हणजे आपणच की!"

आतून वहिनी हसल्या. "घ्या, मोर्चा घरात आला!"

हसा. पण 'बरी वस्ती' म्हटलं की माझे कान टवकारतात. बरी कोणासाठी? पुण्यात याच शब्दाआड आडनाव विचारतात, ताटात काय असतं ते विचारतात आणि मग खोली नुकतीच गेली म्हणून सांगतात. याविरुद्ध मी पत्रकं वाटली आहेत. तेव्हा दादांवर माझा विश्वास नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या वस्तीवरही नव्हता. कॅफेतली माझी शिफ्ट रात्री संपते, स्टॉपपासून घरापर्यंत चढ आहे आणि त्या चढावर माझी तत्त्वं सोबतीला येणार नव्हती.

मग ठरवलं, आपणच विचारायचं. पत्रकं वाटताना एक शिकले होते: वस्ती कळायला दारं वाजवावी लागतात आणि तीही रविवारी दुपारी. तेव्हा सगळे घरी सापडतात. पाणी देतात, बसवतात आणि अख्ख्या बिल्डिंगची कुंडली मांडतात.

रविवारी गेले. दाराशी दिवा आहे का पाहिलं, फोटो काढला, बेलवरची नावं वाचली. पहिल्या मजल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"नमस्कार. इथे सुरक्षित आहे का? रात्री घरी कोण असतं?"

क्लासात शिकलेल्या जर्मनमध्ये इतकंच जमलं. दार बंद.

वरच्या मजल्यावरचा माणूस तर ओरडलाच. "आज रविवार आहे!"

"हो, म्हणून तर आले."

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणीच नाही."

"गेनाऊ," म्हणजे 'तेच तर', असं म्हणून त्याने माझा फोटो काढला.

मी पेटले. गोरा माणूस, सावळी मुलगी, न विचारता काढलेला फोटो! चढ उतरता उतरता डोक्यात अख्खं पत्रक तयार झालं. मथळासुद्धा. स्टॉपवर पोचल्यावर मात्र ते पहिल्या ओळीपासून अडायला लागलं. जर्मनांच्या शांततेच्या दिवशी एक अनोळखी बाई येते, दाराचे फोटो काढते आणि रात्री घरी कोण असतं ते विचारते. माझ्या आईनेही पोलिसांना बोलावलं असतं.

सोमवारी घरमालकीण जिन्यातच उभी होती.

"काल आलेल्या त्या तुम्हीच?"

सगळ्यांनी तिला फोन केले होते. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"खोली माझी आहे, पण राहायचं तुम्हाला त्यांच्यात. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना भेटा. त्यांची हरकत नसेल तर देते."

म्हणजे इथेही सोसायटीची कमिटी! तडक निघून जावंसं वाटलं. पण जाणार कुठे? खाली जाऊन बेल वाजवली. साखळी होतीच. आता विचारायची पाळी त्यांची होती. कुठून आलात, काय करता, घरी कोण येणार-जाणार. माझा प्रत्येक प्रश्नाला आक्षेप होता. तरी उत्तरं दिली.

"रात्री परत कधी येता?"

"उशिरा. शिफ्ट असते."

"मला लवकर झोप लागत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की कळतं."

"म्हणजे पाळत ठेवणार?"

"हो."

इतकं सरळ उत्तर मला या शहरात कोणी दिलं नव्हतं. मी वर जाऊन घरमालकिणीला सांगितलं, बाईंना विचारा, माझ्याकडून हो.

खोली मिळाली. बाई अजून माझ्यावर लक्ष ठेवून असतात. मला ते अजिबात पसंत नाही आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही आहे. पण शिफ्टवरून येताना त्यांच्या खिडकीत उजेड दिसला नाही की माझं डोकं फिरतं. कुठे गेल्या असतील या, न सांगता?