पासपोर्टकाकांचा एकमेव निसर्ग

२८ डिसेंबर. सकाळपासून जेवणाच्या टेबलावर फोटोंना पुठ्ठे लावत बसले आहे. आमच्या हौशी फोटोवाल्यांचं प्रदर्शन शुक्रवारी आहे. पुठ्ठे चिकटवणं, मागे दोरी ओवणं, नावाच्या चिठ्ठ्या लावणं ही कामं दरवर्षी माझ्याकडे येतात. माझं मिरची कांडपाचं केंद्र आहे. मार्चपासून मला मान वर करायला सवड नसते, पण डिसेंबरात गिऱ्हाईक तुरळक, त्यामुळे मी सगळ्यांना मोकळी दिसते. बाकी फोटो झाले. एक उरला आहे. तो पासपोर्टकाकांचा आहे, मधल्या मोठ्या भिंतीवर लागायचा आहे, आणि तो वाईट आहे.

पासपोर्टकाकांनी जन्मभर माणसांचे चेहरे काढले आणि आमच्या निसर्गाच्या फोटोंची सालटी काढली. मंगळवार पेठेत त्यांचा स्टुडिओ होता. नोकरीचा अर्ज असो की मुलगी दाखवायची असो, पेठेतली माणसं त्यांच्या स्टुलावर बसूनच पुढे जायची. "मान जरा वर. हनुवटी खाली. हसू नका, सरकारी काम हाय." मोबाइल आल्यावर दुकान थंडावलं. पुढची बाजू त्यांनी भाड्याने दिली आणि मागची खोली ठेवून घेतली. खोलीत रंगवलेला पडदा तसाच होता: धबधबा, दोन हंस, मागे बर्फाचा डोंगर. आम्ही पन्हाळा, मसाईचं पठार, रंकाळा असं काही काढून आणलं की ते पडद्याकडे बोट दाखवायचे. "निसर्गच पायजे तर ह्यो घ्या की. हालत न्हाय, ऊन जात न्हाय." स्वतः मात्र डोंगरावर कॅमेरा रोखायचे नाहीत. डोंगराला हनुवटी खाली घ्या म्हणता येत नाही, हे त्यांचं कारण.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या खोलीत आमची बैठक भरायची. मोबाइलवरचा फोटो चालत नसे, कागदावर छापून आणावा लागे. काका फोटो हातात घेऊन सगळ्यांना दाखवायचे, चहा ओतायला लागतो तेवढाच वेळ, आणि टेबलावर पालथा टाकायचे. मग विचारायचे, "काय बघितलासा?" ज्याने फोटो काढला त्याने तोंड उघडायचं नाही. इतरांनी आठवेल ते सांगायचं. जे कुणालाच आठवलं नाही ते फोटोत नव्हतं, असा तिथला न्याय. गप्प बसण्याच्या अटीवर लोक कुरकुरायचे. काका म्हणायचे, "पासपोर्टचा फोटो हातात दिला की गिऱ्हाईक म्हणायचं, मी असा दिसत न्हाय. मी म्हणायचो, दिसता. जन्मभर त्येच ऐकलंय. आता तुमच्या डोंगराचंबी ऐकू व्हय?"

मी पहिल्यांदा गेले ती उसाच्या तुऱ्यांचा फोटो घेऊन. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, जुना कॅमेरा घरी राहिला, आणि कुरुंदवाडच्या रस्त्याला संध्याकाळच्या उन्हात तुरे आलेला ऊस बघून मी स्कूटर थांबवली होती. नियम ठाऊक नसल्यामुळे मी सांगायला लागले: चिखलात उतरले, चपलेचा अंगठा तुटला, मागून ट्रक भोंगा मारत होता. काकांनी हात वर केला. "बाई, तुमची चप्पल फोटोत आल्याली न्हाय. जेवढं आलंय तेवढ्याचं बोलूया. वारं हुतं का त्या वक्ताला?"

"होतं की. चांगलं होतं."

"मग ह्ये तुरं असं शाळेत उभारल्यागत का?"

मी रागाने घरी आले आणि पुढचे काही रविवार मिरचीचं कारण सांगून गेले नाही. पण गोष्ट डोक्यात राहिली. पुढच्या हंगामात त्याच शेताशी जाऊन वाऱ्याची वाट बघत उभी राहिले. वारा आला की तुरे आधी एका बाजूने चमकतात, मग वळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि मी जन्मले कुरुंदवाडातच. तो फोटो काकांनी पालथा टाकला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा ठेवा." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

आमचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर इंगवले. लेन्सेस एवढ्या की गाडीची मागची सीट त्यांचीच. त्यांनी एकदा पन्हाळ्याच्या धुक्यातलं एकटं झाड आणलं होतं, मोठ्या आकारात, चौकटीसकट. फोटो पालथा पडला. पहिला म्हणाला, "विजेची तार." दुसरा म्हणाला, "तार." मी म्हटलं, "आडवी तार." झाडाचं नाव कुणी घेतलं नाही. डॉक्टर लाल झाले. काका म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही झाडाचा काढला, आला तारेचा. झाडाच्या पल्याड जाऊन या जावा." डॉक्टर महिनाभर दिसले नाहीत. मग आले ते त्याच झाडाचा पलीकडच्या बाजूने काढलेला फोटो घेऊन. तो आज त्यांच्या दवाखान्यात खुर्चीसमोर आहे. तोंड उघडून बसलेल्या माणसाला दुसरं काही बघायला नसतं, तरी कुणी तक्रार केल्याचं ऐकलेलं नाही.

मोबाइलच्या ग्रुपवर काका होते, पण लिहीत नसत. तिथे फोटो पडायचा अवकाश, अंगठे आणि फुलं सुरू. "बघायच्या आधीच अंगठा," ते म्हणायचे, "मग बघितला कवा?" कुणीतरी रंग चढवून चढवून हिरवंगार माळरान टाकलं होतं. त्याला बैठकीत म्हणाले, "येवढं हिरवं म्हशीपुढं टाकलासा तर ती न्हाय खायची, तुमच्याकडं बघंल." तो मुलगा हसला, बाकीचेही हसले, आणि त्यानंतर त्याच्या गवताला गवताचा रंग आला. काकांच्या बोलण्यात सुरी असायची, पण ती नेहमी कागदावर चालायची. माणसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. ज्याच्या फोटोची जास्त धुलाई झाली असेल त्याच्या हातात चहाचा पहिला कप जायचा, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

जुन्या धंद्यातली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचं कामही त्यांच्याकडे यायचं. लग्नातल्या घोळक्यातून आजोबांना वेगळं काढायचं, मळका सदरा पांढरा करायचा, असं. गडहिंग्लजकडच्या एका घरच्यांनी सांगितलं, वडील तिरळे होते, डोळा तेवढा सरळ करा. काकांनी नकार दिला. "तिरळं बघायचा म्हणून तर वळखीचा हाय की त्यो. सरळ केला तर नातवंडं कुणाच्या पाया पडायची?" ती मंडळी चिडून दुसरीकडे गेली. नंतर काय झालं ते काकांना माहीत नव्हतं, आणि आपलंच बरोबर होतं असाही त्यांचा दावा नव्हता. "आपल्याला न्हाय जमत," एवढंच म्हणायचे.

त्यांच्यामुळे माझ्या धंद्यातही फरक पडला. बायका मिरची घेऊन येतात, ती नीट वाळलेली नसते. पूर्वी मी म्हणायचे, होईल चांगली. आता पिशवीत हात घालून सांगते, "ओली आहे, अजून ऊन दाखवून आणा, नाहीतर चटणीला बुरशी येईल." तोंडं वाकडी होतात. पण त्याच बायका परत येतात आणि जावेलाही घेऊन येतात.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. थोडं आजारपण, फार हाल नाहीत. प्रदर्शनाची बैठक झाली तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं, मधल्या भिंतीवर काकांचा फोटो लावू, म्हणजे काकांनी काढलेला. ते काकूंकडे गेले आणि काकांनी काढलेला एकुलता एक निसर्ग घेऊन आले. काकूंच्या माहेरचा, आजऱ्याजवळचा. आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता. सगळ्यांनी वा वा केलं. माझ्याकडे तो आज पुठ्ठ्याला आला, तेव्हा मी नीट बघितला. डोंगर एका बाजूला कलंडलेला, आभाळ पांढरंफटक, डाव्या कडेला ट्रॅक्टरची अर्धी ट्रॉली. पालथा टाकून विचारलं असतं तर सगळे म्हणाले असते, ट्रॉली.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "सुनंदाताई, झाला का काकांचा?"

"नाही. डॉक्टर, हा लावायचा नाही."

"का, फाटला काय?"

"वाईट आहे."

"अहो, माणूस गेलाय. आता त्याला नापास करताय व्हय?"

"ते असते तर लावू दिला असता?"

"ते न्हाईत म्हणून तर लावायलोय की. आणि काकूंचं काय? आजऱ्याहून भाऊ-भावजया येणार हाईत बघायला. त्यांना तुम्ही सांगणार?"

"सांगते."

"सांगा मग. रोज लोकांच्या हिरडीत सुई घालतो, हात हालत न्हाय माझा. पण ह्ये मला जमायचं न्हाय."

फोन ठेवल्यावर मलाही ते सोपं वाटेना. ज्या माणसाने कुणालाच सूट दिली नाही, त्याला ती मेल्यावर देणं म्हणजे त्याच्या बोलण्याला आपण इतकी वर्षं नुसती मान डोलावली असं होतं. पण न द्यावी, तर ज्या बाईने आम्हाला इतके रविवार चहा पाजला, तिच्या हातातला फोटो परत करावा लागतो. पुठ्ठा तसाच ठेवला आणि स्वयंपाकाला लागले.

एवढं काल लिहिलं. आज सकाळी केंद्राच्या वाटेवर फोटो, पट्टी आणि कटर पिशवीत घालून काकूंकडे गेले. त्या मागच्या दारी शेंगा फोडत बसल्या होत्या. फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आडवळण न घेता म्हटलं, "काकू, हा फोटो चांगला नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग हात पदराला पुसून फोटो उचलला. "न्हायच की," म्हणाल्या. "डोंगुर बघ, पेंगतोय."

"मग दिलात कशाला?"

"डॉक्टर आलं, काकांचा एक निसर्ग द्या म्हणालं. ह्यो एकच हुता. आणि मग जो येतोय त्यो म्हणतोय, काय काढलाय, काय काढलाय. मला वाटलं, माझंच डोळं गेलं. मोतीबिंदू दावून यावा म्हणत हुते."

"काकांनी बघितला होता ना?"

"बघितला की. म्हणालं, ट्रंकेत टाक, कुणाला दावू नगंस."

"आणि तुम्ही दाखवलात."

"त्यांनी नगंस म्हटल्यालं मी कवा ऐकलंय?"

आम्ही दोघी हसलो. मग काकूंनी फोटोच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी कालपासून डोंगर आणि ट्रॉली बघत होते, तिथे माझी नजर गेलीच नव्हती. "त्यास्नी ह्ये पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "ह्यो पाण्याचा पाट माझ्या बानं काढलेला. ऊन पाण्यावर यायची वाट बघत उभारलं हुतं, मी शेजारी. ऊन आलं तसं घाईनं दाबलं. ट्रॉली माझ्या भावाची. मी म्हटलं, सरकवाय सांगू काय? तर म्हणालं, नगं, सासुरवाडी हाय, बरं दिसत न्हाय."

गावभरच्या माणसांना मान वर, हनुवटी खाली करायला लावणारा माणूस सासुरवाडीत एक ट्रॉली हलवा म्हणू शकला नव्हता. मी कोपरा नीट बघितला. काळ्या बांधातून पाण्याची बारीक रेघ, तिच्यात ऊन, आणि ती पुढे खाचरात शिरते तिथे जरा रुंद झालेली. तेवढा तुकडा सरळही होता.

"एवढाच ठेवला तर?" मी विचारलं. "पण कापावा लागेल. निगेटिव्ह आहे का?"

"दुकान खाली करताना सगळं गेलं. काप तू."

मी आधी अख्ख्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. काकूंनी वाकून खात्री केली. "ट्रॉली आलीया न्हवं? मग भावाला त्यो दावू. न्हायतर म्हणंल, माझी ट्रॉली कुठं गेली."

ओट्यावर जुना पेपर पसरला. काकूंनी पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं आणि मी कापला. उरला तो पोस्टकार्डाएवढा. काकूंनी तो खिडकीशी धरून बघितला आणि माझ्या हातात दिला. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. फोटो लागतोय, पण लहान झालाय. पोस्टकार्डाएवढा."

"मधल्या भिंतीवर? येवढासा?"

"एवढाच. खिळा जरा खाली ठोका, जवळ जाऊन बघावा लागणार आहे."