वरचे पैसे

बोकारे काकांनी वकिलाला लाच दिली, असं मी आमच्या सिटी कौन्सिलसमोर सांगितलं. ते खोटं होतं, आणि सांगताना मला ते माहीत होतं. काकांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. दुसरीकडून केली तर ती पळवाट होईल.

शिकागोजवळच्या आमच्या उपनगरात काका कित्येक वर्षं राहत होते. मूळचे नागपूरचे, पुलांची कामं केलेले इंजिनिअर, आता रिटायर्ड. कुजबुज त्यांना सहन होत नसे. सभेत शेजारचा काही पुटपुटला की ते मोठ्यानं म्हणत, "माइकात बोल." महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत दोघीजणी हळू आवाजात कुणाबद्दल तरी बोलत होत्या, तर तिथेही तेच. काकू म्हणायच्या, "घरात तेवढा माइक बसवायचा राहिलाय."

शहराचा कारभार कोणत्या नियमांनी चालावा ते चार्टरमध्ये लिहिलेलं असतं. आमचं चार्टर बदलायला लोकांनी एक कमिशन निवडून दिलं आणि काका त्याचे अध्यक्ष झाले. नव्या मसुद्यात एक कलम होतं: कौन्सिलवर कुणालाही दोनदाच निवडून येता येईल. कौन्सिलमधले बहुतेक जण चौथ्या-पाचव्या वेळी बसलेले, आणि कमिशनचा खर्च मंजूर करणारेही तेच. त्यांनी कमिशनच्या वकिलाचे पैसे निम्म्यावर आणले. म्हणाले, सिटीचा वकील आहेच, तो वापरा. काका म्हणाले, "तुमचा वकील तुमचंच ऐकणार. आम्हाला आमचा पाहिजे."

मी तेव्हा शहराच्या फायनान्स कमिटीवर होतो. नेमणूक कौन्सिलची, आणि पुढच्या निवडणुकीला त्यांच्याच पाठिंब्यानं उभं राहायची माझी इच्छा. सुनावणीत मी कपातीच्या बाजूनं बोलायला उठलो आणि माझा आवाज पडला. दुसऱ्या रांगेतून काका मराठीत म्हणाले, "माइकात बोल बे. मालकांना ऐकू नाही गेलं." हॉलमधले आठ-दहा मराठी लोक हसले. कौन्सिलच्या अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "काय म्हणाले ते?" मी म्हणालो, "विशेष काही नाही." पण ते हसणं माझ्या डोक्यात राहिलं.

काही दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "काका, पैसे कापले ना? मग वकील कसा चालू आहे?" काकांनी लिहिलं, "वरचे पैसे मी देऊन राहिलो."

मंजूर रकमेच्या वर जे लागतात ते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण वरचे पैसे म्हणजे लाच, हेही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मला दोन्ही अर्थ माहीत होते, आणि काकांचा कोणता याबद्दल तिळभर शंका नव्हती. पुढच्या सभेत मी तो मेसेज वाचून दाखवला आणि भाषांतर केलं: हे वकिलाला टेबलाखालून पैसे देत आहेत. मराठीत जे वर होतं ते मी इंग्रजीत खाली नेलं. त्या दिवशी माझा आवाज पडला नाही.

कौन्सिलनं चौकशी लावली आणि कमिशनचे उरलेले पैसेही थांबवले. वकील बाजूला झाला. काकांना राजीनामा द्यावा लागला. मसुदा मतदानाला ठेवायची मुदत टळून गेली. शेवटी चौकशीत निघालं काय, तर पहिला चेक देण्याआधीच काकांनी सिटीला स्वतःहून पत्र लिहून परवानगी घेतली होती. तीन ओळींच्या निकालात त्यांना निर्दोष ठरवलं. ते कुणी ग्रुपवर टाकलं नाही. इंडियन ग्रोसरीत एकानं त्यांना हाक मारली, "या, वरचे काका." काकांनी पिशवी तिथेच ठेवली आणि ते बाहेर गेले. मी शेजारच्या रांगेत तूरडाळीच्या पाकिटावरची तारीख वाचत उभा राहिलो.

हिवाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो. ते ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते.

"काका, सॉरी म्हणायला आलोय."

त्यांचं फावडं थांबलं नाही. "काहून?"

"तुमची बदनामी झाली म्हणून."

"झाली? आपोआप झाली का बे?"

त्यांनी एक फावडंभर बर्फ माझ्या बुटांजवळ टाकला. "इथं कोण ऐकून राहिलं? मी अन् हा बर्फ. जिथं बोलला तिथं जा. माइकात बोल." आत या म्हणाले नाहीत. काकू खिडकीत होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला.

तिथे जायचा धीर गोळा करायला मला आणखी दोन महिने लागले. कौन्सिलच्या सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी येणार हे फक्त काकूंना फोन करून सांगितलं होतं. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या. काका आले होते, दुसऱ्या रांगेत, अंगातला कोट न काढता.

मी इंग्रजीत सांगितलं, की त्या शब्दांचे दोन अर्थ होतात, मला दोन्ही ठाऊक होते, आणि मी जाणूनबुजून खोटा निवडला. कमिटी सोडत असल्याचंही सांगितलं. अध्यक्षबाई समोरचे कागद चाळत होत्या. शेवटचं मिनिट उरलं. मी काकांकडे वळून मराठीत बोलू लागलो, तसं माझं तोंड माइकपासून दूर गेलं. काकांनी कानामागे हात धरला.

मी माइक जवळ ओढला.

"काका, तुमची बदनामी झाली नाही. मी केली. मला माफ करा."